डोंगराच्या भाकरी आणि आमची विहीर

आमच्या वर्गाची सहल कन्नड तालुक्यातील गौताळ्याला गेली होती. मित्रांनो, तुम्ही होतातच. पण जे आईवडील हा फलक वाचतील त्यांच्यासाठी मी लिहितो.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली झाले. ते सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. आम्हाला फक्त माकडेच दिसली. वर सपाट पठार आहे आणि मग एकदम कडा तुटलेला आहे.

पितळखोऱ्याची लेणी खाली दरीत आहेत. पायऱ्या उतरताना मला आमच्या विहिरीत उतरल्यासारखे वाटले. समोरच्या कड्यात थरावर थर दिसत होते. मी पाचापर्यंत मोजले, मग मागून धक्का बसला.

गुरुजी म्हणाले, दिल्लीचा लाल किल्ला वाळूच्या दगडाचा आहे. तो दगड वाळू साचून, दबून होतो. आपला दगड तसा नाही. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे पुष्कळ वेळा झाले. म्हणून डोंगर भाकरीच्या चवडीसारखा दिसतो. आपली कापसाची काळी माती याच दगडाची झाली आहे.

भाकरीला वर फोड येतात ना, तसे रसातली हवा वर आली आणि थराच्या वरच्या भागात भोके राहिली. त्याला मांजऱ्या दगड म्हणतात. मधला भाग घट्ट, तो पाषाण. दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. पुढचा रस यायला फार वर्षे लागली तर आधीच्या थराची वरून माती व्हायची, मग ती नव्या रसाने भाजायची. पितळखोऱ्याचा दगड कच्चा आहे, पाणी मुरून लेण्यांचे दर्शनी भाग पडले आहेत. वेरूळचे कैलास लेणे पक्क्या दगडात आहे म्हणून टिकले.

एके ठिकाणी कडा वर कोरडा होता, पण दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपत होते. मी हात लावून पाहिला. गार होते.

आमची विहीर पाच परस झाली आणि नुसता पाषाण लागला. सुरुंगाला पैसे फार जातात, म्हणून काम बंद आहे. आण्णा म्हणत होते, आता बुजवावी. मी घरी येऊन सांध्याचे सांगितले. आण्णा हसले, "डोंगर तिथं आन् विहीर इथं." मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, पाषाणाखाली मांजऱ्या लागू शकतो, पण किती खोल ते सांगता येत नाही, थर सगळीकडे सारखा जाड नसतो. त्यात भेगा असल्या तरच पाणी. मग आण्णाच शाळेत येऊन गुरुजींशी पुष्कळ वेळ बोलले.

संक्रांतीनंतर पुन्हा यारी बसवायची ठरली आहे. एकच परस खोदायचे. वर येणाऱ्या मालात तांबडी माती दिसते का ते पाहायचे काम माझ्याकडे आहे.

इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, बिडकीन