घरबसल्या लिलाव : पारख कशी करावी?

लिलाव आपणांस नवा नाही. मंडीत धान्याची बोली होते, तेव्हा माल डोळ्यांसमोर असतो व माणूस ओळखीचा असतो. मोबाइलवरील लिलावात दोन्ही दिसत नाहीत. म्हणून संकेतस्थळाचे नियम हेच आपले साक्षीदार.

मुंबईत २००० साली निघालेले 'बाझी डॉट कॉम' २००४ साली 'ईबे'ने घेतले. पुढे २०१८ साली 'ईबे इंडिया'ही बंद झाले. तात्पर्य, केवळ नावावर भिस्त ठेवू नये. तीन गोष्टी पाहाव्यात :

१. माल पोचेपर्यंत पैसा संकेतस्थळाकडे राहतो काय?

२. विक्रेत्याविषयी पूर्वीच्या ग्राहकांचे अभिप्राय वाचावयास मिळतात काय?

३. तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दिला आहे काय? २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तो देणे बंधनकारक असून, तक्रारीची पोच ४८ तासांत मिळावयास हवी.

विकणाऱ्यानेही सावध असावे. पैसे घेण्यास यूपीआयचा गुप्त क्रमांक लागत नाही. तो टाकताच पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसगत झाल्यास लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. वेळीच कळविले, तर कष्टाची रक्कम वाटेतच अडविली जाण्याचा संभव असतो.