मांजराची नखे : बंदी हवी की नको? (वादविवादासाठी एक वेगळा विषय)

वादविवाद स्पर्धा आली की आपले विषय ठरलेले असतात. मोबाईल शाप की वरदान, परीक्षा हवी की नको. मुद्देही पाठ झालेले! आज आपण एक नवा विषय अभ्यासू. अमेरिकेत गेली वीस-बावीस वर्षे हा वाद चालू आहे. पाळीव मांजराची नखे शस्त्रक्रिया करून कायमची काढावीत का? आणि त्यावर कायद्याने बंदी घालावी का?

तुम्ही म्हणाल, मांजराची नखे कोण कशाला काढेल? आपल्याकडे मांजर अंगणात, माळ्यावर, कौलांवर हिंडते आणि झाडाच्या बुंध्यावर नखे घासते. पण अमेरिकेत बरीच मांजरे जन्मभर घराच्या आतच राहतात. तिथे झाडाचा बुंधा नाही, मग सोफा, गालिचा आणि पडदे सापडतात. महागाचा सोफा फाटला की मालक वैतागतो. तिथले काही पशुवैद्य अनेक वर्षांपासून त्यावर एक उपाय करत आले : नखेच काढून टाका!

नखे काढतात म्हणजे नेमके काय करतात?

सगळा वाद या प्रश्नावर उभा आहे, म्हणून हा भाग नीट वाचा.

आपले नख त्वचेतून उगवते. मांजराचे तसे नाही. तिचे नख बोटाच्या अगदी शेवटच्या हाडाला चिकटून वाढते. नुसते नख उपटले तर ते पुन्हा येणार. ते कायमचे येऊ नये म्हणून ते शेवटचे हाडच सांध्यापासून कापावे लागते. आता तुमचा हात समोर धरा. प्रत्येक बोटाचे टोकाचे पेर बघा. ती सगळी पेरे कापली तर जे होईल, साधारण तेच मांजराच्या पंजाचे होते.

मांजराला एकूण १८ नखे असतात. पुढच्या प्रत्येक पायाला ५ आणि मागच्या प्रत्येक पायाला ४. बहुतेक वेळा पुढच्या दोन पायांची शस्त्रक्रिया करतात, म्हणजे १० हाडे जातात. काही डॉक्टर लेझर वापरतात. त्याने रक्त कमी जाते, पण हाड तेवढेच जाते.

आणखी एक गोष्ट. आपण टाच टेकवून चालतो, मांजर बोटांवर चालते. त्यामुळे बोटाचे टोक गेले की तिच्या चालण्याचा तोलच बदलतो.

मांजर सोफा ओरबाडते तरी का?

खोडी म्हणून नाही, रागाने तर नाहीच. त्याची कारणे अशी :

१) नखावरचे जुने कवच गळून पडते आणि खालचे धारदार नख मोकळे होते.
२) पाठ, खांदे आणि पाय चांगले ताणले जातात.
३) पंजात गंधग्रंथी असतात. ओरबाडताना तिचा वास त्या जागी लागतो. ‘ही जागा माझी’ अशी ती पाटीच समजा.

म्हणजे ओरबाडणे ही वाईट सवय नसून मांजराची गरज आहे.

कायद्याची वाटचाल

गंमत बघा, मांजर म्हणजे वाघाची मावशी. पण न्याय आधी भाच्याला मिळाला! जेनिफर कॉनराड या कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्य. नखे काढल्यामुळे लंगडणाऱ्या वाघ-सिंहांच्या पंजांवर त्या उपचार करत होत्या. पुढे त्यांनी ‘द पॉ प्रोजेक्ट’ ही संस्था काढून मांजरांसाठीही चळवळ उभी केली. २००४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने वाघ-सिंहांसारख्या रानटी मार्जारांची नखे काढायला बंदी केली. घरच्या मांजराबाबत मात्र त्याच राज्यात भांडण झाले. वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहराने २००३ मध्येच अशी बंदी घातली होती. अमेरिकेतले असे ते पहिले शहर. तेव्हा राज्यातली पशुवैद्यांची संघटनाच कोर्टात गेली. डॉक्टरने काय करावे हे शहराने का सांगावे, असा तिचा सवाल होता. २००७ मध्ये अपील कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला.

पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्क हे संपूर्ण बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. नियम मोडला तर १००० डॉलरपर्यंत दंड. मात्र जंतुसंसर्ग, जखम किंवा गाठ असेल आणि मांजरावरच उपचार म्हणून गरज असेल, तर सूट आहे. २०२२ मध्ये मेरीलँडने आणि त्यानंतर आणखी काही राज्यांनी तसाच कायदा केला. इंग्लंडमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने उपचाराशिवाय अशी शस्त्रक्रिया करता येत नाही. इस्रायलने २०११ मध्ये बंदी घातली.

बंदी नको म्हणणारे काय म्हणतात?

मित्रांनो, वादविवादात विरुद्ध बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा आधी समजून घ्यायचा असतो. ‘ते लोक निर्दयी आहेत’ म्हणून मोकळे होऊ नका. बंदीला विरोध करणाऱ्यांत मांजरांवर जीव लावणारे डॉक्टरही होते. त्यांचे मुद्दे असे :

१) काही मालकांच्या रक्ताची गुठळी लवकर होत नाही, काहींना मधुमेह असतो, काहींची प्रतिकारशक्ती कमी असते. त्यांना मांजराचे बोचकारणे धोक्याचे ठरू शकते.
२) कंटाळलेला मालक मांजराला निवारागृहात सोडेल. अमेरिकेतल्या निवारागृहांत जागा आणि पैसा अपुरा पडला की प्राण्यांना मारूनही टाकले जाते. मग नखे गेलेली बरी की जीव गेलेला?
३) हा निर्णय डॉक्टर आणि मालकाने घ्यावा, आमदारांनी नव्हे.

दुसरा मुद्दा पुन्हा वाचा. तो ऐकून कोणीही गप्प बसेल, इतका तो वजनदार आहे.

बंदी हवी म्हणणाऱ्यांचे उत्तर

पहिल्या मुद्द्याचे उत्तर आरोग्य खात्यातूनच आले. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था प्रतिकारशक्ती कमी असलेल्या लोकांनाही मांजराची नखे काढण्याचा सल्ला देत नाही. मांजराशी आडदांड खेळू नका, ओरखडा उठला तर लगेच साबणाने धुवा, असे ती सांगते. शिवाय नख गेले तरी दात राहतातच ना! २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नखे काढलेली १३७ आणि न काढलेली १३७ मांजरे तपासली. नखे काढलेल्यांत पाठदुखी, चावणे आणि भलत्याच जागी घाण करणे जास्त आढळले. कारण समजायला सोपे आहे. दुखऱ्या पंजाने रेती उकरवत नाही, म्हणून ती मऊ गालिचा शोधते. म्हणजे सोफा वाचवायला गेलो आणि गालिचा गमावला!

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर कॅनडात मिळाले. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ मध्ये बंदी आली. संशोधकांनी निवारागृहांच्या बंदीआधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. सामानाची नासधूस करते म्हणून सोडून दिलेल्या मांजरांचे प्रमाण बंदीनंतर वाढलेले दिसले नाही. भीती खरी होती, पण ती खरी ठरली नाही.

तिसरा मुद्दा अजून जिवंत आहे. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०२० मध्ये ही शस्त्रक्रिया करू नये असे धोरण जाहीर केले, पण डॉक्टरच्या निर्णयाचा आपण आदर करतो असेही म्हटले. म्हणजे ‘हे चांगले नाही’ यावर आता बरेचसे एकमत आहे. ‘कायद्याने थांबवावे का’ यावर नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, ते एकात मिसळू नका.

वादातली फट कुठे आहे?

‘नखे काढा नाहीतर मांजर घराबाहेर’ हे वाक्य दोनच दारे दाखवते. असे वाक्य समोर आले की थांबायचे आणि विचारायचे, तिसरे दार नाही का? इथे तर बरीच आहेत :

- एक-दोन आठवड्यांनी नखांची फक्त टोके कापणे. आतला गुलाबी भाग सोडायचा, त्यात रक्तवाहिनी असते.
- घायपाताची दोरी गुंडाळलेला उंच, न हलणारा खांब सोफ्याशेजारीच ठेवणे. मांजर पूर्ण ताणून उभे राहील एवढा उंच हवा. आपल्याकडे गोणपाट गुंडाळलेला ओंडकाही चालतो.
- नखांवर प्लास्टिकच्या मऊ टोप्या चिकटवणे.
- खांब ओरबाडला की लगेच खाऊ देणे. मारणे-ओरडणे नाही.

कधी कधी मालकाचाही नाइलाज असायचा. नखे काढलेली असतील तरच मांजर ठेवा, अशी अट काही घरमालक भाडेकरूंना घालत. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून ही अटच बेकायदा ठरवली. म्हणजे कायदा फक्त दंड करत नाही, अडकलेल्या माणसाला मार्गही काढून देतो.

थोडक्यात सांगायचे तर

मला बंदीची बाजू पटते. पण माझे मत पाठ करू नका, ते कसे बनले ते बघा. ‘नखे काढणे’ हे शब्द ऐकले की नखे कापल्यासारखेच काहीतरी डोळ्यांसमोर येते. ‘पेरे कापणे’ म्हटले की चित्रच पालटते. नाव सौम्य असले की काम सौम्य वाटू लागते. मांजराला स्वतःची बाजू मांडता येत नाही. म्हणून तिच्याबद्दल बोलताना शब्द तरी खरे वापरणे, एवढे आपण करू शकतो.

विचार करा, वर्गात बोला

१) डॉक्टरचा निर्णय आणि सरकारचा कायदा यांत शेवटचा शब्द कोणाचा असावा? दोन्ही बाजूंनी तीन-तीन मुद्दे लिहा.
२) तुमच्या मताच्या विरुद्ध बाजूने दोन मिनिटे बोलून दाखवा.
३) ‘दोनच पर्याय आहेत’ असे भासवणारे एक वाक्य वर्तमानपत्रातून किंवा जाहिरातीतून शोधा आणि त्यातला तिसरा पर्याय सांगा.
४) घराजवळचे मांजर कुठे नखे घासते, याचे आठवडाभर निरीक्षण करून वहीत नोंद करा.