वनातून जाणारी वाट : फ्रान्सच्या ग्रामीण भागातील सायकलभ्रमण

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पॅरिस आणि आयफेल मनोरा उभा राहतो. सायकलीचा विषय निघालाच तर 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत आठवते. परंतु त्या शर्यतीपेक्षा वेगळी, संथ आणि बिनबक्षिसाची अशी सायकलीची एक परंपरा त्या देशात शंभराहून अधिक वर्षे नांदत आहे. खांद्यावर नव्हे तर चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायच्या, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर चालायचे, संध्याकाळी एखाद्या गावाच्या तंबूतळावर मुक्काम करायचा आणि सकाळी पुन्हा निघायचे. या भ्रमणाच्या वाटा ज्या वनांतून आणि शेतशिवारांतून जातात त्यांचा थोडा अभ्यास या लेखात आपण करणार आहोत. हा प्रवासवर्णनाचा प्रकार नव्हे. वाटेवरची झाडे कोणी लावली, रस्ता कोणाच्या श्रमातून झाला आणि त्यावरून हिंडण्याची सवड कोणाला केव्हा मिळाली, हे आमच्या कुतूहलाचे विषय आहेत.

फ्रान्सच्या भूमीपैकी सुमारे ३१ टक्के भाग आज वनाच्छादित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. युरोपातील एवढ्या जुन्या, दाट वस्तीच्या आणि कारखानदारीच्या देशात दोनशे वर्षांत वन दुप्पट व्हावे ही गोष्ट प्रथमदर्शनी खरी वाटत नाही. यातील काही वाढ शेते ओस पडल्यामुळे आपोआप झाली, काही हेतुपूर्वक केलेली आहे. हेतुपूर्वक केलेल्या वाढीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण म्हणजे नैऋत्येकडील लांद प्रदेश होय.

ब्रिटनी प्रांतातील रोस्कॉफ बंदरापासून स्पेनच्या सीमेवरील आंदाय गावापर्यंत अटलांटिक किनाऱ्याने 'व्हेलोदिसे' नावाचा सुमारे १,३०० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. बोर्डोच्या पश्चिमेला आर्काशोंच्या उपसागराजवळ तो लांदच्या पाइनवनात शिरतो आणि मग पुढचे कित्येक दिवस स्वाराला दोन्ही बाजूंना उंच, सरळ, एकसारख्या अंतरावर उभी असलेली झाडेच दिसत राहतात. जमीन सपाट, माती वाळूची, हवेत राळेचा वास. नवख्या माणसाला हे आदिम अरण्य वाटते. वास्तविक ते जवळजवळ दहा लाख हेक्टरांचे, माणसाने लावलेले वन आहे आणि त्याचा बहुतांश भाग दीडशे-पावणेदोनशे वर्षांपलीकडे जात नाही.

त्यापूर्वी येथे काय होते? येथे उघडे माळरान होते. उन्हाळ्यात रखरखीत आणि हिवाळ्यात पाण्याने भरलेले. वाळूखालच्या कठीण थरामुळे पाणी मुरत नसे. मेंढपाळ पाण्या-काट्यांतून जाण्यासाठी पायांना उंच लाकडी गेड्या बांधून कळपामागे चालत, त्यावर उभे राहूनच दूरवर नजर ठेवत आणि उभ्या-उभ्या लोकरही विणत. मेंढ्या पाळण्याचा मुख्य हेतू मांस किंवा लोकर नसून शेणखत हा होता. त्या खताशिवाय त्या निकस वाळूत राय नावाचे धान्य पिकत नसे. शेतात मेंढ्या बसवण्याची रीत ज्यांनी आपल्याकडे पाहिली आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. माळ बहुतांशी गावाच्या सामाईक मालकीचा होता. ज्याच्या नावावर एक बिघाही नाही त्याचीही मेंढरे तेथे चरू शकत. आपल्या भाषेत सांगायचे तर ते गायरान होते.

१८५७ साली तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत एक कायदा झाला. लांदमधील गावांनी आपल्या सामाईक जमिनीवर चर खणून पाण्याचा निचरा करावा आणि तेथे झाडे लावावीत, असे बंधन त्याने घातले. त्याआधी किनाऱ्यावरच्या सरकत्या वाळूच्या टेकड्या पाइन लावून स्थिर करण्याचे काम ब्रेमोंतिए या अभियंत्याच्या पुढाकाराने झाले होते, आणि माळावर निचऱ्याचे प्रयोग शांब्रलां याने १८४९ पासून केले होते. शास्त्र म्हणून हे सर्व यशस्वी ठरले. हिवतापाची दलदल हटली, राळेचा व लाकडाचा उद्योग उभा राहिला, ओसाड म्हणून हिणवलेला मुलूख श्रीमंत झाला. मात्र झाडे लावण्याचा खर्च गावांना झेपण्यासारखा नव्हता, म्हणून सामाईक जमिनीचे मोठाले तुकडे विकले गेले. ते ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी घेतले. मेंढपाळाला चराई उरली नाही. त्याचा मुलगा पुढे त्याच जमिनीवरच्या पाइनच्या खोडाला चिरा पाडून राळ गोळा करणारा मजूर झाला, आणि उत्पन्नातील वाट्यासाठी मालकाशी झगडू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी या राळ काढणाऱ्यांनी संपही केले. वन वाढले हे खरे, पण 'वन वाढले' या दोन शब्दांत कोणाचे काय गेले हे कळत नाही, आणि भूगोलाच्या पुस्तकात बहुधा तेवढे दोनच शब्द असतात.

हे सर्व नाहीसे होत असताना एका माणसाने त्याची नोंद ठेवली. लाबूएर गावचे फेलिक्स आर्नोदँ (१८४४–१९२१) हे सायकलीवरून कॅमेरा घेऊन माळावरच्या वस्त्यांतून हिंडले. त्यांनी मेंढपाळ, घरे, विहिरी, झाडे यांची हजारो छायाचित्रे काढली. गाणी, कथा, म्हणी आणि शब्द लिहून घेतले. शेजाऱ्यांना हा उद्योग वेडेपणाचा वाटे. आज लांदच्या जुन्या जीवनाविषयी जे काही ठामपणे सांगता येते त्याचा मोठा भाग त्यांच्या संग्रहातून आलेला आहे. साब्र गावाजवळ मार्केझ येथे जुनी वस्ती जपून खुले संग्रहालय केले आहे. ओकवृक्षांच्या सावलीतील मोकळे हिरवे अंगण आणि त्यात विखुरलेली लाकूड-मातीची घरे तेथे पाहता येतात. सायकलस्वाराने किनारा सोडून एक दिवस आत वळावे तर याच्यासाठी, असे आमचे मत आहे. जाता जाता सांगावेसे वाटते की याच भागातील सिल्व्हँ दोर्नों नावाच्या पाववाल्याने १८९१ साली गेड्यांवरून पॅरिस ते मॉस्को असा पायी प्रवास केला. तोवर गेड्या ही उपजीविकेची वस्तू न राहता तमाशाची झाली होती.

एकाच जातीचे झाड मैलोगणती लावण्याची किंमतही या वनाने मोजली आहे. ऑगस्ट १९४९ च्या वणव्यात ८२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत आग विझवायला गेलेले गावकरी आणि सैनिक पुष्कळ होते. त्यानंतर आगीशी लढण्यासाठी वनात रुंद मातीरस्त्यांचे जाळे वाढवण्यात आले. जानेवारी २००९ च्या वादळाने चार कोटी घनमीटरांहून अधिक लाकूड आडवे केले. जुलै २०२२ मध्ये लांदिरास आणि ला तेस्त येथील दोन वणव्यांत मिळून सुमारे २०,००० हेक्टर वन जळाले. ला तेस्तचे वन तर लांदमधील अपवाद होते. ते नव्याने लावलेले नसून पुरातन होते आणि घरासाठी व सरपणासाठी तेथून लाकूड नेण्याचा स्थानिक रहिवाशांचा हक्क मध्ययुगापासून टिकून होता. त्याचाच मोठा भाग गेला. आता कडक उन्हाळ्यात आगीचा धोका वाढला की वनातील वाटा बंद केल्या जातात. मार्ग आखताना ही शक्यता गृहीत धरावी लागते.

आता सायकलीकडे येऊ. सायकलभ्रमणाला विचाराची बैठक देणारा माणूस म्हणून पॉल द विव्ही (१८५३–१९३०) यांचे नाव फ्रान्समध्ये आदराने घेतले जाते. ते सेंत-एत्येन या कोळशाच्या व कारखान्यांच्या शहरातील रेशमाचे व्यापारी. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत आणि 'ल सिक्लिस्त' हे नियतकालिक चालवीत. ते शाकाहारी होते, रात्रभर सायकल चालवून पहाट डोंगरात पाहण्याची त्यांना आवड होती, आणि भूक लागण्याआधी खावे, थकण्याआधी थांबावे, केवळ फुशारकीसाठी कधीही पायडल मारू नये असा त्यांचा उपदेश असे. शहराबाहेरच्या १,१६१ मीटर उंचीच्या खिंडीत, देवदारवर्गीय दाट वनातून चढणाऱ्या रस्त्यावर, त्यांनी निरनिराळ्या गिअरच्या सायकली वर्षानुवर्षे तपासल्या. सामान्य ताकदीच्या माणसाला, स्त्रीला, वयस्काला डोंगर चढता यावा म्हणून गिअर हवेत, ही त्यांची भूमिका होती. शर्यतीच्या आयोजकांना मात्र त्यात दुबळेपणा दिसे. टूर द फ्रान्समध्ये चालत्या सायकलीवर साखळी बदलणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली, व्हेलोसिओंच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. आज जगातील कोणत्याही घाटात सामान लादून चढणारी सायकल पाहिली की या वादात कोण बरोबर होते ते कळते.

तरीही गिअर असून भागत नाही, सुट्टी लागते. १९३६ सालापर्यंत फ्रान्समधील बहुसंख्य कामगारांना पगारी रजा ठाऊक नव्हती. काम बंद म्हणजे मजुरी बंद. त्या वर्षीच्या मे-जूनमधील प्रचंड संपांनंतर लेओं ब्लूम यांच्या 'पॉप्युलर फ्रंट' सरकारने २० जून १९३६ रोजी वर्षाला दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. त्या उन्हाळ्यात कारखान्यांतील तरुण जोडपी दोघांनी मिळून चालवायच्या टँडम सायकलींवरून, तंबू बांधून, खेड्यापाड्यांकडे आणि समुद्राकडे निघाली. अनेकांनी समुद्र प्रथमच पाहिला. क्रीडा व विरंगुळा खात्याचे लेओ लाग्रांज यांनी रेल्वेचे सवलतीचे तिकीट सुरू केले. विरोधकांनी त्यांची 'आळसाचा मंत्री' अशी संभावना केली. श्रीमंताची सहल ती संस्कृती आणि मजुराची सहल तो आळस, हा न्याय कोणत्या समाजात नव्हता?

आजच्या कित्येक सायकलवाटा म्हणजे जुने रेल्वेमार्ग आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेडोपाडी नेलेल्या लहान रेल्वे मोटारींच्या काळात एकेक करून बंद पडल्या. रूळ उखडले गेले, पण भराव, पूल, बोगदे राहिले. आणि रेल्वेला तीव्र चढ चालत नसल्यामुळे या वाटा लहान मुलांनाही झेपतात. बर्गंडीतील जिव्हरी ते क्लुनी ही ४४ किलोमीटरची वाट १९९७ साली या प्रकारची देशातील पहिली 'हरितवाट' म्हणून खुली झाली. बोर्डोच्या पूर्वेला द्राक्षमळ्यांतून सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत जाणाऱ्या अशाच वाटेला रोजे लापेबी यांचे नाव दिले आहे. १९३७ ची, म्हणजे गिअरला मुभा मिळाली त्या वर्षीची टूर त्यांनीच जिंकली होती. क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा-क्लेर येथे सुमारे १,६०० मीटरचा बोगदा आहे. हिवाळ्यात तेथे वटवाघळे विसाव्याला येतात म्हणून तो बंद ठेवतात आणि स्वारांना डोंगरावरून वळसा घ्यावा लागतो.

दक्षिणेकडील मिदी कालव्याचा काठही प्रसिद्ध आहे. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत २४० किलोमीटर लांबीचा हा कालवा पिएर-पॉल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात खणवला. तो पुरा होण्याच्या काही महिने आधीच ते वारले. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसे होती, त्यांत स्त्रियाही होत्या, आणि रविवार, पाऊस व आजारपण यांचे दिवसही मजुरीत धरले जात. काठावरच्या प्लेन वृक्षांची सावली हे या वाटेचे वैभव. पण २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाने ते हजारोंनी तोडून जाळावे लागत आहेत.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी काही सूचना. नकाशात पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाने दाखवलेले लहान रस्ते निवडावेत. मिशलँच्या नकाशात ज्या रस्त्याला हिरवी कड असते तो निसर्गरम्य समजावा, आणि रस्त्यावर बाणाची टोके जितकी अधिक तितका चढ खडा. गावाबाहेर सायकलीला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडावे असा कायदा आहे. दुपारी बारा ते दोन दुकाने बंद असतात, आणि कित्येक गावांत सोमवारी पावाचे दुकानही उघडत नाही. पाणी संपले तर गावाची दफनभूमी शोधावी. फुलांसाठी तेथे बहुधा नळ असतो, मात्र पिण्यायोग्य नसल्याची पाटी आहे का ते आधी पाहावे. सप्टेंबरपासून हिवाळा संपेपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. त्या काळात वनात भडक रंगाचे कपडे घालावेत आणि शिकार चालू असल्याचा फलक दिसल्यास वाट बदलावी.

महाराष्ट्राचा या परंपरेशी एक जिवंत संबंध आहे. पुणे, मुंबई, नाशिक येथील सायकलपटू २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' पूर्ण करतात त्या पॅरिसच्या ओदाक्स क्लबच्या नियमांनुसार. २०० साठी साडेतेरा तास, ६०० साठी चाळीस. ही मालिका पूर्ण करणाऱ्याला दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या फेरीत भाग घेता येतो. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालेल्या या फेरीत आज क्रमांक लावत नाहीत. नव्वद तासांच्या आत परतणे पुरेसे. आता रांबुयेच्या वनाजवळून निघणारा हा रस्ता नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या खेड्यांतून जातो. रात्री दोन-तीन वाजताही तेथील लोक घराबाहेर टेबल मांडून कॉफी, सूप आणि धिरड्यासारखे क्रेप घेऊन बसलेले असतात. कोणी पैसे देऊ केले तर काही जण ते नाकारतात आणि स्वार आपल्या देशी पोहोचल्यावर तिथून एक पोस्टकार्ड पाठवावे एवढेच मागतात.