बुद्धी आणि चिकीर्षा

गेल्या आषाढीत माउलींची पालखी माळशिरसचा मुक्काम आटोपून वेळापूरकडे निघाली आणि गाव जरा मोकळे झाले. त्या दुपारी एक गृहस्थ आमच्या ओट्यावर येऊन बसले. नीरा कालव्याच्या पाण्यावर चार एकर ऊस, घरात माळकरी परंपरा. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "महाराज, पोरगं हुशार हाय. शाळंत कधी नंबर सोडला न्हाई. सात वरसं पुण्यात अभ्यास करतंय, सायबाची परीक्षा देतंय. दोनदा जवळ जाऊन ऱ्हायलं. आता तुम्हीच सांगा, त्याची बुद्धी कमी पडती, का मनातच न्हाई त्याच्या?"

असा प्रश्न आम्हांस आजकाल वरचेवर विचारला जातो. कीर्तनकाराला सर्व काही ठाऊक असते असा लोकांचा समज आहे. तो आम्ही खोडूनही काढत नाही, हा आमचा दोष. त्या दिवशी मात्र आम्ही उत्तर दिले नाही. चार दिवसांनी या म्हटले, आणि माडीवरची जुनी पोथी काढून बसलो.

प्रश्न मोठा नेमका होता. यश पदरी पडते ते बुद्धीने की आकांक्षेने? आमच्या शास्त्रकारांनी या दोहोंची गल्लत केलेली नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात चोवीस गुण सांगितले आहेत. त्यांत बुद्धी हा एक गुण, इच्छा हा दुसरा आणि प्रयत्न हा तिसरा. तिन्ही आत्म्याचेच, पण तिन्ही वेगळे. (न्यायात बुद्धी म्हणजे ज्ञान, आपण ज्याला हुशारी म्हणतो ती नव्हे. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.) ज्ञान झाले म्हणजे इच्छा झालीच असे नाही, आणि इच्छा झाली म्हणजे हातपाय हललेच असेही नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायातही भगवंतांनी बुद्धीचे तीन प्रकार सांगून लगेच धृतीचे तीन प्रकार शेजारी मांडले आहेत. बुद्धीत धृती आलीच असे असते, तर वेगळे सांगण्याचे कारण काय होते?

महत्त्वाकांक्षा हा शब्द आपल्या बोलण्यात आहे, पण नैयायिकांचा शब्द त्याहून नेमका आहे. तो म्हणजे चिकीर्षा, करण्याची इच्छा. 'मी कलेक्टर व्हावे' ही इच्छा झाली. 'पहाटे चारला उठून हा ग्रंथ संपवावा' ही चिकीर्षा. पहिली झोपेतसुद्धा होते. आणि ही चिकीर्षा उपजून मनुष्य कामास लागावा यासाठी विश्वनाथ पंचाननांनी मुक्तावलीत ज्ञानाची अट घातली आहे. हे माझ्या हातून होण्याजोगे आहे, हे एक ज्ञान. यातून मला हवे ते मिळेल, हे दुसरे. आकाशातला चंद्र खाली आणायला कोणी निघत नाही, कारण पहिले नाही. आणखी एक तिसरे ज्ञानही शास्त्रात चर्चिले आहे: यातून मिळणाऱ्या सुखापेक्षा मोठे अनिष्ट पाठीमागून येणार नाही ना? मधात विष कालवलेले अन्न गोड असते, भूकही भागवते, तरी जाणता त्याला हात लावीत नाही. म्हणजे बुद्धी आकांक्षेच्या बाहेर उभी नाही. ती आकांक्षेच्या पोटात तीन ठिकाणी बसली आहे. हे आम्ही पाठशाळेत घोकले होते. कळले फार उशिरा.

आता दृष्टान्त घेऊ. तोही पुराणातला नको, आपल्या महाराष्ट्रातला घेऊ.

कोकणात मुरूड गावी धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा होता. १८७५ साली सहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी तो सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास पायी गेला. शंभराहून अधिक मैलांची वाट, चार दिवसांची चाल. तेथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले, वयाने लहान दिसतोस म्हणाले आणि परीक्षेस बसूच दिले नाही. आल्या वाटेने परत. पुढे कोल्हापूरहून ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाली १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बी. ए. १८८४ साली. ही गती काही दिपवणारी नव्हे.

याच कर्व्यांच्या नात्यात मुर्डी गावचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा मुलगा होता, त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. त्याची बुद्धी मात्र विजेसारखी. कर्व्यांनी ती ओळखली, त्याला शिकायला आपल्याजवळ मुंबईस नेले. तो मुलगा पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर पहिला आला. सीनियर रँग्लर होणारा पहिला भारतीय. (रँग्लरसाहेब पुढे देवधर्म न मानणारे म्हणून प्रसिद्ध झाले, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याचे आम्हांस दुःख आहे, पण म्हणून दृष्टान्त टाकावा असे वाटत नाही.)

येथे थांबून विचार करा. मुर्डीच्या मुलाला केंब्रिज हे नाव तरी कोठून ठाऊक असणार? बुद्धी त्याची होती. पण 'हे तुझ्या हातून होण्याजोगे आहे' हे पहिले ज्ञान त्याला कर्व्यांनी दिले. बुद्धी कोणी कोणाला उसनी देऊ शकत नाही; आकांक्षा काही काळ देता येते. आमच्या मते कर्व्यांच्या कर्तृत्वात हे काम वरचे आहे, आणि चरित्रे वाचणारे ते ओझरते वाचून पुढे जातात.

पण दुसरी बाजूही आहे. उसनी आकांक्षा पुढे स्वतःची व्हावी लागते. परांजप्यांना त्या पदवीवर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. ते परत आले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन अल्प वेतनावर शिकवू लागले, आणि १९०२ साली फर्गसनचे प्राचार्य झाले. ही निवड त्यांची स्वतःची. आणि कर्वे? तेही १८९१ पासून फर्गसनमध्ये गणितच शिकवीत होते. गणितात आपण रँग्लर व्हावे अशी हाव त्यांनी धरली नाही. १८९३ साली विधवेशी विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, लोकांचा बहिष्कार सोसला, पुण्याहून हिंगण्यास चिखल तुडवीत पायी जात राहिले, आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले. चार दिवस चालून रित्या हाताने परतलेला मुलगा आणि हिंगण्याची वाट तुडवणारा हा प्रोफेसर एकच. बुद्धी होती तेवढीच राहिली असेल. धृती मात्र योग्य कामाला जाऊन लागली. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले.

आमच्याच तालुक्यातले माळीनगर घ्या. सासवडकडच्या माळी बागाइतदारांनी येथे येऊन १९३२ साली स्वतःची साखर कंपनी काढली. ऊस पिकवण्याचे ज्ञान सर्वांनाच होते. कारखाना आपणच का काढू नये, हे थोड्यांच्या मनात आले.

स्वतःचे सांगायचे तर लाज वाटते, पण सांगतो. पाठशाळेत आमच्या शेजारी एक सोबती बसे. अमरकोशाचे पान एकदा ऐकले की त्याला पाठ. आम्हांस त्याच पानाला दोन दिवस लागत. आज तो किराणा दुकान चालवतो आणि सुखी आहे. शास्त्री व्हावे असे त्याला कधी वाटलेच नव्हते, वाटत होते ते त्याच्या चुलत्याला. आम्ही नेट लावून शिकलो, आणि कीर्तनाला नाव मिळू लागल्यावर घसरलो. महिन्यात कीर्तने किती झाली, बिदागी किती, मांडव केवढा, हेच मोजू लागलो; पोथी बंद. एकदा सप्ताहात एका म्हाताऱ्या वारकऱ्याने उठून साधी शंका विचारली. आम्हांस उत्तर आले नाही, आणि आम्ही दोन चुटके सांगून वेळ मारून नेली. मांडव हसला. म्हातारा हसला नाही. आकांक्षा आमची दांडगी होती, तिच्या पोटातली बुद्धी तेवढी उपाशी होती.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ आले, बरोबर मुलगाही होता. वय एकतीस. आम्ही त्याला तीनही ज्ञाने समजावून सांगितली आणि एकेक विचारले. तुझ्या हातून होईल काय? म्हणाला, "होईल असं वाटतं, पण महाराज, अर्ज दहा लाखांच्या घरात असतात आणि २०२३ च्या परीक्षेत निवड झाली एक हजार सोळा जणांची." हिशेब त्याला आमच्याहून पक्का ठाऊक होता. मिळाले तर हवे ते मिळेल काय? थोडा थांबून म्हणाला, "आधी खात्री होती. आता घरी तोंड दाखवायला मिळावं, एवढंच वाटतं." आणि तिसरे? यातून मोठे अनिष्ट काही? त्याने मान हलवली. "तसं काही नाही. वडील खर्चाला कधी कमी पडले नाहीत."

आम्ही वडिलांकडे पाहिले. त्यांनी खाली पाहिले. मग सावकाश सांगितले, की चारांपैकी दोन एकर बँकेकडे आहे, व्याज थकले आहे. पोराच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तीन वर्षे घरात कोणालाच बोललो नाही.

मुलाची बुद्धी कमी नव्हती. चिकीर्षाही होती. ज्या ज्ञानावर तोलून पाहायचे, तेच प्रेमापोटी त्याच्यापासून लपवले गेले होते. आम्ही वडिलांना म्हटले, "बाबा, ते कागद त्याच्या हाती द्या. परीक्षा द्यायची की नाही ते आम्हांस विचारू नका, कागद वाचून तो ठरवील."

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. उठताना वडिलांच्या हातातली पिशवी त्याने आपल्या हाती घेतली. कार्तिकी वारीच्या आधी भेटला तेव्हा म्हणाला, एक परीक्षा अजून द्यायची ठरवली आहे, आता गावात राहूनच. आणि सकाळी चार तास एका शिकवणीवर्गात गणित शिकवतो. बँकेचा पहिला हप्ता त्याच्या पगारातून गेला होता.