गोबरगॅस : आधी शेण तोलावे, मग खड्डा खणावा

गोवऱ्या जाळल्याने चूल पेटते, परंतु शेत उपाशी राहते. गोबरगॅस संयंत्रात तेच शेण आधी इंधन देते व नंतर खत होऊन शेतात जाते. असे असूनही कित्येक परसांत ही संयंत्रे कोरडी पडलेली आढळतात. बांधकामातील दोष हे त्याचे एक कारण होय. दुसरे, व टाळता येण्याजोगे, कारण म्हणजे शेणाच्या मानाने संयंत्र मोठे असणे.

ग्रामसेवकाने जनावरांची शिरगणती करून आकारमान ठरवू नये. एक मोठे जनावर दिवसाला सुमारे १० किलो शेण देते हे खरे; पण चरावयास जाणाऱ्या जनावराचे निम्मे शेण रानातच पडते. समजा, दावणीला चार जनावरे आहेत. कागदावर ४० किलो, हाती मात्र २० किलो. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे २० किलोंचा ८०० लिटर. माणशी स्वयंपाकास रोज सुमारे २४० लिटर लागतो. म्हणजे जेमतेम तीन माणसांची सोय झाली! घरात सहा माणसे असतील तर सरपण राहणारच, हे त्या गृहिणीस आधीच सांगितलेले बरे. म्हणून सलग सात दिवस गोठ्यातील शेण तोलावे आणि सरासरीवरून निर्णय घ्यावा. शौचालय जोडल्यास थोडी भर पडते. मात्र घरच्यांची संमती हवी.

शेणात तितकेच पाणी घालून काला करावा. काडीकचरा व वाळू काढून टाकावी. काडी वर तरंगून साय धरते, वाळू तळाशी बसून जागा अडविते. शेण कुजविणाऱ्या जंतूंना ऊब लागते. ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांचे काम उत्तम चालते. थंडीत गॅस घटला तर संयंत्र बिघडले असे समजू नये.

पहिल्या भरणीनंतर निघणाऱ्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते व तिचा भडका उडू शकतो. तो गॅस न पेटविता उघड्यावर सोडून द्यावा. गळती शोधताना काडी कधीही ओढू नये. सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे येतात तेथे गळती.

बाहेर पडणारी मळी उन्हात वाळविल्यास तिच्यातील नत्र उडून जाते. ती पाटाच्या पाण्याबरोबर सोडावी, किंवा खतखड्ड्यात पालापाचोळ्याच्या थरांवर ओतावी.