एका देशाची अनेक नावे

आपल्या नकाशात प्रत्येक देशाचे एकच नाव छापलेले असते. पण दुसऱ्या भाषेत त्याच देशाला वेगळे नाव असते. गुरुजींनी फळ्यावर तक्ता काढून हे समजावले. तेच मी इथे लिहीत आहे.

इंग्रजीत ज्याला जर्मनी म्हणतात, त्याला फ्रेंच लोक आलमान्य म्हणतात. तिथले लोक मात्र स्वतः डॉइचलांट म्हणतात! असे का? फार पूर्वी तिथे पुष्कळ टोळ्या राहत होत्या. फ्रान्सच्या बाजूला आलेमानी नावाची टोळी होती. फ्रेंचांनी तिचेच नाव सगळ्या देशाला दिले. इंग्रजी नाव रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतून आले. म्हणजे ज्याने जसे ओळखले, तसे नाव पडले.

आता आपल्या देशाचं बघा. सिंधू नदीला इराणी लोक हिंदू म्हणत. ग्रीकांनी त्यातला ह गाळला. त्यावरून इंग्रजीत इंडिया झाले आणि फ्रेंचमध्ये अँद. आपण भारत म्हणतो. संविधानाच्या पहिल्याच कलमात इंडिया व भारत ही दोन्ही नावे आहेत.

गंमत म्हणजे इंग्रज हा शब्द इंग्रजांचा नाही! ते स्वतःला इंग्लिश म्हणतात. पोर्तुगीज त्यांच्या आधी, १४९८ साली, भारतात आले. पोर्तुगीजांच्या शब्दावरून आपण इंग्रज म्हणू लागलो.

माझ्या आईला आजोळी कुसुम म्हणतात. लग्नात तिचे नाव बदलून मंगल ठेवले. रेशनकार्डावर पण मंगलच आहे. मी विचारलं, तुला कोणतं आवडतं? ती म्हणाली, "दोन्ही माझीच की. पण कुसुम म्हणून हाक आली की पाय आपोआप थांबतात बघ."

देशांनाही आपलं नाव आवडतं. १९७२ साली सिलोनने श्रीलंका हे नाव घेतले. २०२२ साली तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांना कळवले की आम्हाला तुर्किये म्हणा. २०२३ साली आपला उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला. आमचे आजोबा अजून जुनेच नाव घेतात, पण आम्हाला कळतं.

म्हणून कोणी वेगळे नाव घेतले तर हसू नये. ते नाव कुठून आले ते विचारावे.

जपानचे लोक आपल्या देशाला निहोन म्हणतात. मग इजिप्तचे लोक इजिप्तला काय म्हणतात? शोधा. उत्तर पुढच्या अंकात.

— इयत्ता चौथी