जुन्या मुक्त सॉफ्टवेअरमधील दोषांचा शोध

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धतीचे बंधारे आणि पाट शतकानुशतके चालत आले. पाट सर्वांचा असला, तरी त्याची देखरेख ‘सर्वांवर’ सोडलेली नव्हती. पाणी वाटण्यास पाटकरी नेमलेला असे आणि पाटाच्या साफसफाईस लाभधारकांनी स्वतः यावे, असा रिवाज होता. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर ही अशाच प्रकारची सामाईक मालमत्ता होय. त्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, तपासता व सुधारता येते. शासकीय कामकाजात अशा सॉफ्टवेअरचा अवलंब करण्याचे धोरण केंद्र शासनाने २०१५ मध्ये जाहीर केले. जळगावच्या बाजारात विकला जाणारा अँड्रॉइड फोनही लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यावरच चालतो.

जे सर्वांना पाहता येते ते कोणीतरी पाहिलेच असेल, आणि जे अनेक वर्षे विनातक्रार चालले ते निर्दोषच असेल, असा समज सहज होतो. अनुभव मात्र निराळा आहे. संगणकास आज्ञा देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘बॅश’ या कार्यक्रमात १९८९ मध्ये शिरलेला एक दोष सप्टेंबर २०१४ मध्ये स्तेफान शाझलास यांच्या निदर्शनास आला. विशिष्ट स्वरूपाच्या माहितीच्या शेवटी एखादी आज्ञा जोडलेली असल्यास बॅश तीही निमूटपणे पाळीत असे. १९८९ मध्ये ही माहिती बहुधा त्याच यंत्राच्या वापरकर्त्याकडून येई, त्यामुळे धोका जाणवला नाही. पुढे इंटरनेटवरील सेवा बॅशच्या आधारे चालू लागल्या आणि अनोळखी माणसाची माहितीही तेथवर पोचू लागली. बैलगाडीसाठी बांधलेल्या पुलावरून मालमोटारी जाऊ लागाव्यात, तसाच हा प्रकार. पहिली दुरुस्तीही अपुरी ठरली व काही दिवसांतच आणखी दोष उघडकीस आले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ओपन-एसएसएल’ या सुरक्षाप्रणालीतील गंभीर दोष जाहीर झाला होता. जगभरातील व्यवहारांना आधार असलेल्या या प्रणालीस वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर इतक्याच होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. लाभधारक असंख्य, पाटकरी एक!

दोष शोधण्याची एक रीत योगायोगाने सापडली. १९८८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी पावसाच्या रात्री दूरध्वनीच्या तारेवरून संगणकावर काम करीत होते. तारेतील खरखरीमुळे भलतीच अक्षरे मध्ये घुसत आणि नित्याचे कार्यक्रम बंद पडत. मग त्यांनी विद्यार्थ्यांकरवी मुद्दामच वेडीवाकडी अक्षरे पुरवून कार्यक्रम तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे पाव ते एक-तृतीयांश कोलमडले. बॅशमधील नंतरच्या दोषांपैकी काही याच रीतीने सापडले.

दुसरी रीत केळीच्या बागेतील शेतकऱ्यास नवी वाटणार नाही. लांब नळीत पाणी कोठे अडले हे पाहण्यासाठी तो मध्यावर तपासतो. तेथे पाणी असेल तर पुढील अर्धा भाग, नसेल तर मागील. मुक्त सॉफ्टवेअरमधील प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद असल्यामुळे हाच न्याय लावून १,००० बदलांतील दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो.

तथापि काही दोष तज्ज्ञाला दिसतच नाहीत. ‘आचाऱ्यास’ लिहावयाचे असता पडद्यावर ‘आचार्यास’ उमटले, तर स्वयंपाक्याचा गुरुजी होतो, हे मराठी शिक्षकाच्याच ध्यानी येईल. अशा वेळी ‘अक्षर नीट येत नाही’ एवढेच कळविणे निरुपयोगी असते. कोणत्या कळा दाबल्या, काय अपेक्षित होते, काय दिसले, टंक व प्रणालीची आवृत्ती कोणती, हे सारे कळविले म्हणजे दूर बसलेल्या माणसास तोच दोष स्वतःच्या यंत्रावर पाहता येतो. सुरक्षेस बाधक दोष मात्र चारचौघांत न सांगता संबंधित प्रणालीच्या रक्षकांना किंवा केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेस कळवावयाचा असतो.

दुरुस्ती निघाली तरी ती प्रत्येक यंत्रावर पोचावी लागते. कार्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत संगणकाचा क्रमांक आणि किंमत असते. त्यावरील प्रणाली शेवटी केव्हा अद्ययावत केली, यासाठी रकाना बहुधा नसतो.